निदानरेषा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या आईच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीत चार महिन्यांचे कागद. आईने टेबलावर एकेक काढून ठेवलं. तीन एक्स-रे, तिन्ही त्याच गुडघ्याचे. दोन दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, वेदनाशामक गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, सैल पडलेली एक नी-कॅप. मी चिठ्ठ्या वाचल्या. एकीवर ‘डावा गुडघा दुखतो’, दुसरीवर ‘डाव्या गुडघ्यात वेदना व सूज’. ही तर तिनेच डॉक्टरांना सांगितलेली तक्रार. नक्की काय दुखावलंय, ते एकाही कागदावर नव्हतं.

मुलगी सतरा वर्षांची, अकरावीत शिकणारी. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातलं गाव, घरी थोडी कोरडवाहू जमीन, आईवडील दोघंही रोजगाराला जाणारे. ही शाळेच्या कबड्डी संघातली चढाईपटू. तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि असे गुडघे प्रत्येक हंगामात माझ्याकडे येतात. बहुतेक उशिरा येतात. म्हणूनच हे सविस्तर लिहायचं ठरवलं.

पडली तो दिवस

“पहिल्यांदा पडलीस तो दिवस सांग,” मी म्हटलं. “पाऊल कुठं होतं, तोंड कुठं होतं, सगळं सांग.” तिने आईकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मग माझ्या टेबलावरचं स्टेपलर तिने उजव्या कोपऱ्याच्या जागी ठेवलं, दोन पेनं मधल्या साखळीसाठी ठेवली आणि बोटांनी चढाई दाखवायला लागली.

नोव्हेंबरातली स्पर्धा, मॅटवरचा सामना. बोनस घेऊन ती मागे फिरली तेवढ्यात कोपऱ्याची मुलगी घोट्यावर झेपावली. तिला चुकवायला ही डाव्या पायावर गर्रकन वळली. पाऊल मॅटला चिकटून राहिलं, अंग वळलं आणि गुडघा आत गेला. कुणाचा हातही लागला नव्हता. “कट् असा आवाज आला मॅडम, वाळकी काडी मोडल्यासारखा. आणि हाड हाडावरून सरकलं असं वाटलं.” सामना तिथेच सुटला. मैत्रिणींनी उचलून बाहेर आणलं, स्प्रे मारला. जीप घरी पोचेपर्यंत, म्हणजे दोन तासांच्या आत, गुडघा नारळाएवढा झाला होता.

तिच्या या पाच मिनिटांच्या सांगण्यातच जवळजवळ सगळं निदान होतं. कुणाचा धक्का न लागता, पाय रोवून वळताना गुडघा गेला. आवाज झाला. खेळ पुढे चालू ठेवता आला नाही. आणि सूज दोन तासांत आली. साध्या मुरगळीची सूज हळूहळू, बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते; तासा-दोन तासांत टम्म फुगलेल्या गुडघ्यात बहुतेक वेळा रक्त साठलेलं असतं. अशा रक्त साठलेल्या ताज्या गुडघ्यांत दुर्बीण घालून पाहिलेल्या जुन्या अभ्यासांत सुमारे ७० टक्के वेळा एकच गोष्ट फाटलेली सापडली होती. ती म्हणजे पुढचा क्रूशिएट लिगामेंट, ज्याला खेळाडू आणि डॉक्टर दोघंही एसीएल म्हणतात.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत मधोमध तिरका बसलेला, करंगळीएवढ्या जाडीचा दोर. नडगीचं हाड पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा फिरू नये हे त्याचं काम. सरळ चालताना त्याची उणीव फारशी जाणवत नाही. वळताना, अचानक थांबताना, उडीवरून खाली येताना जाणवते. म्हणजे कबड्डीत ज्या क्षणाला चढाईपटू निसटते, नेमक्या त्याच क्षणाला. मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांपेक्षा दुपटीहून अधिक होते. आपल्याकडे मुलींचे संघ वाढताहेत याचा मला मनापासून आनंद आहे, आणि म्हणूनच हा आकडा प्रत्येक क्रीडाशिक्षकाला माहीत हवा.

चार महिने

त्या रात्री तिला गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने गरम तेलाने गुडघा रगडला, पाय ओढला, लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. ती रात्रभर रडत होती असं आई सांगते. रक्त साठलेल्या ताज्या गुडघ्याला शेक आणि रगडणं, दोन्ही टाळायचं असतं. त्या रात्री दोन्ही झालं. मी आईला दोष दिला नाही. रात्री नऊ वाजता गावात तोच एक माणूस होता.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या गावी दवाखाना. एक्स-रे निघाला. “हाड शाबूत आहे, काळजीचं कारण नाही.” गोळ्या, क्रेप बँडेज, तीन आठवडे आराम. त्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला हे बरोबरच केलं. तिला चार पावलंही पायावर भार देऊन टाकता येत नव्हती, आणि अशा वेळी हाड मोडलेलं नाही याची खात्री करावीच लागते. पण एक्स-रेत हाड दिसतं. दोर दिसत नाही, दोन हाडांमधली गादी दिसत नाही. ‘हाड शाबूत’ याचा अर्थ घरी ‘गुडघा शाबूत’ असा घेतला गेला, आणि तो चुकीचा आहे हे कुणी सांगितलं नाही.

इथे एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूनेही सांगते. ताजा सुजलेला गुडघा नीट तपासता येत नाही. रुग्ण मांडी आवळून धरतो, हात लावू देत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी निदान झालं नाही तर ती चूक म्हणता येत नाही. पण सूज उतरली की, आठ-दहा दिवसांनी, पुन्हा बोलावून गुडघा हाताने तपासणं हेच खरं काम असतं. या मुलीला ती दुसरी तारीख मिळालीच नाही. तीन आठवड्यांनी दुखणं कमी झालं, म्हणून कुणी परत गेलंही नाही.

दुखणं कमी झालं ही या दुखापतीतली सगळ्यात फसवी अवस्था. पूर्ण फाटलेला दोर दुखत नाही. जानेवारीत ती सरावाला उतरली. तिसऱ्या दिवशी वळताना गुडघा सटकला, पुन्हा सूज आली. दुसरा दवाखाना, दुसरा एक्स-रे, ‘लिगामेंटला सूज आहे’, गुडघ्यात एक इंजेक्शन. फेब्रुवारीत एसटीतून उतरताना पायरीवर सटकला. आता ती जिना उतरताना कठडा धरायची, आणि घरात सगळ्यांनी ‘हिचा गुडघा जरा कच्चाच आहे’ असं स्वीकारून टाकलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्वारीची काढणी चालू होती. ती उकिडवी बसून ताटं उपटत होती. उठायला गेली आणि गुडघा अडकला. सरळच होईना. आईने पाय धरून ओढून पाहिला, किंचाळली तशी सोडला. त्या दिवसापासून ती टाच उचलून, गुडघा वाकलेला ठेवूनच चालत होती. तिसरा एक्स-रे तेव्हाचा. तोही नॉर्मल. तिच्या क्रीडाशिक्षकांनी मग माझा पत्ता दिला.

गुडघा हातात घेतला तेव्हा

आधी दोन्ही मांड्यांचं माप घेतलं. गुडघ्याच्या वाटीच्या १५ सेंटिमीटर वर, डावी मांडी उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटरने वाळलेली. गुडघा पूर्ण सरळ व्हायला सुमारे २० अंश कमी पडत होते, आणि शेवटी रबर दाबल्यासारखी अडचण लागत होती. आतल्या बाजूला, दोन हाडांच्या फटीवर बोट टेकवलं की ती दचकायची.

मग लॅकमन तपासणी. ही मला फार मोलाची वाटते, कारण हिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, दोन हात आणि अर्धा मिनिट पुरतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन ही तपासणी शिकवायचे आणि त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग यांनी ती १९७६ मध्ये लिहून प्रसिद्ध केली. गुडघा २०-३० अंशात वाकवायचा, एका हाताने मांडीचं हाड घट्ट धरायचं, दुसऱ्याने नडगी पुढे ओढायची. पहिल्यांदा नेहमी चांगला गुडघा तपासायचा, म्हणजे त्या माणसाचं मूळ माप हाताला कळतं. तिच्या उजव्या गुडघ्यात नडगी जरा पुढे आली आणि टक्कन थांबली, दाव्याला बांधलेली गाय दावं संपल्यावर थांबते तशी. डाव्या गुडघ्यात नडगी पुढे येत गेली, आणि थांबणं कुठे लागलंच नाही. दावं तुटलेलं होतं.

मी तिला दोन्ही गुडघ्यांचा फरक तिच्या डोळ्यांनी पाहायला लावला. मग आईला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “एवढंच करायचं होतं व्हय मॅडम?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरकडे वेळ नसतो, हे खरं. तरी अर्धा मिनिट तो केवढा!

माझा अंदाज मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहिला: एसीएल पूर्ण फाटलेला असावा, आतल्या बाजूची गादी फाटून सांध्यात अडकली असावी, अडकलेल्या गुडघ्याचे उपचार लांबवू नयेत, एमआरआय करून लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. तीन दिवसांनी एमआरआय झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. गादीला ‘बकेट हँडल’ फाट होती. गादीचा आतला भाग उभा फाटून, बादलीची कडी पलटते तसा पलटून सांध्याच्या मधे जाऊन बसला होता. गुडघा सरळ न होण्याचं कारण ते.

गादी म्हणजे मेनिस्कस. मांडी आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन असतात, अंगाचा भार वाटून घेतात. एसीएल नसलेला गुडघा दरवेळी सटकतो तेव्हा या गाद्या भरडल्या जातात. नोव्हेंबरात हिचं बहुधा एकच दुखणं होतं. मार्चपर्यंत दोन झाली.

ऑपरेशन करायचंच का

वडिलांनी मला थेट विचारलं, “मॅडम, व्यायामानं नाही का जमणार? खरं सांगा.” प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर सरसकट ‘नाही’ असं नाही. स्वीडनमधल्या एका नावाजलेल्या अभ्यासात १२१ तरुण रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी शिस्तीने व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. २०१० मध्ये आलेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते, आणि व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. एसीएल फाटला की चाकू हे समीकरण खरं नाही. नोकरी करणारा, धावण्यावर समाधान मानणारा चाळिशीचा माणूस उत्तम व्यायामावर वर्षानुवर्षं छान राहतो. असे रुग्ण माझ्याकडे आहेत.

पण हिचा गुडघा अडकला होता. अडकलेली गादी व्यायामाने जागेवर जात नाही. शिवाय ती सतरा वर्षांची, वळण्याचा खेळ खेळणारी, आणि व्यायामाने सांभाळायच्या काळात गुडघा दोनदा सटकून गेलेला. वडिलांना मी हे सगळं सांगितलं आणि दुसऱ्या तज्ज्ञांचं मतही घ्यायला लावलं. त्यांचंही तेच मत पडलं.

पैशाचं म्हणाल, तर एमआरआयलाच घरातले साठवलेले पैसे गेले होते. महाराष्ट्रात धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून ही योजना लागू आहे. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला दाखवायचा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे तिथल्याच आरोग्यमित्राला विचारायचं. या कुटुंबाला ही नावंही माहीत नव्हती. दाखल्यासाठी बारा दिवस गेले, पण शस्त्रक्रिया सवलतीत झाली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, काढून तिचा नवा दोर केला आणि हाडातल्या बोगद्यांतून बसवला. गादीचा मात्र सगळा भाग वाचला नाही. गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथे टाका धरतो. ती कड शिवता आली. आतला पलटलेला तुकडा चार महिन्यांच्या सटकण्यात चिंध्या झाला होता, तो कापून काढावा लागला. गेलेली गादी परत उगवत नाही. सतराव्या वर्षी गेलेल्या गादीचा हिशेब चाळिशी-पन्नाशीत सांध्याची झीज होऊन समोर येण्याचा धोका वाढतो. हे मी तिला सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर हा गुडघा तिलाच सांभाळायचा आहे.

वहीतले आकडे

शिवलेल्या गादीमुळे पहिले सहा आठवडे कुबड्या, आणि गुडघा ९० अंशापेक्षा जास्त वाकवायचा नाही. घरी पहिली अडचण आली संडासाची. उकिडवं बसायला मनाई, आणि घरात भारतीय पद्धतीचा संडास. वडिलांनी प्लास्टिकच्या जुन्या खुर्चीचं बूड कापून ती वर ठेवली, पाय हलू नयेत म्हणून चारी पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले. रुग्णालयाच्या सूचनापत्रात असल्या गोष्टी नसतात. मी आता प्रत्येक रुग्णाला शस्त्रक्रियेच्या आधीच संडासाचं विचारते.

पहिल्या महिन्याचं ध्येय एकच: गुडघा पूर्ण सरळ. टाचेखाली घडी केलेली गोधडी, गुडघ्याखाली हवा, आणि वाटी मांडीकडे ओढून धरायची. मांडीचा स्नायू ऐकतच नव्हता. ती नुसती पायाकडे बघत बसायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. अकराव्या दिवशी वाटी हलली. तिने फोनवर त्याचा व्हिडिओ काढून मला रात्री साडेदहाला पाठवला.

पुढचं सगळं वहीत आहे. तारीख, मांडीचं माप, किती उठाबशा, किती किलो. तिसऱ्या महिन्यात ती न लंगडता चालायला लागली आणि घरच्यांना वाटलं, झालं बरं. नवीन दोर याच काळात फार अशक्त असतो. तो आतून बदलत असतो, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरत असतात. सहाव्या महिन्यात, ऑक्टोबरात, निवड चाचणी जाहीर झाली. क्रीडाशिक्षक स्वतः आले. “मॅडम, पळतेय की ती चांगली. एवढी एक स्पर्धा.” मी त्यांना अंगणात नेलं. खडूने रेघ मारली आणि तिला एका पायावर उडी मारायला सांगितली. उजवा पाय १४२ सेंटिमीटर, डावा १०९. म्हणजे ७७ टक्के. खेळात परतायला किमान ९० टक्के हवेत. नॉर्वेतला २०१६ सालचा अभ्यास सरांना सांगितला. नऊ महिन्यांपर्यंत परत जाणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. सर टेप घेऊन खाली बसले आणि त्यांनी स्वतः परत मोजलं. १०९च होते. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि यादीतून तिचं नाव काढलं.

याच सरांनी नंतर मला विचारलं, बाकीच्या पोरींसाठी काय करू? उडीवरून मऊ उतरणं, गुडघा आत न जाऊ देता वळणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, असं पंधरा-वीस मिनिटांचं काम आठवड्यातून दोन-तीनदा सरावाआधी करायचं. फुटबॉलसाठी फिफाने ‘११ प्लस’ नावाचा असा कार्यक्रम काढलाय. मुलींमध्ये अशा सरावाने एसीएलच्या धक्क्याविना होणाऱ्या दुखापती निम्म्याहून कमी झाल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. साहित्य काही लागत नाही. सरांच्या मैदानावर ते आता सुरू आहे.

जानेवारीत, नऊ महिने भरल्यावर, पुन्हा खडूची रेघ मारली. उजवा १४६, डावा १३४. ९२ टक्के. मांडीचं माप अजून अर्ध्या सेंटिमीटरने कमी. पण सगळ्यात अवघड होतं डाव्या पायावर वळणं. गुडघा तयार होता, मन तयार नव्हतं. सर रोज संध्याकाळी तिला एकटीलाच मॅटवर चढाई करायला लावायचे, समोर कुणी नसताना. कबड्डीत चढाई करणारीला किमान एकदा समोरच्या अंगणातली निदानरेषा ओलांडावी लागते, कुणाला न शिवता ती न ओलांडता परत आली तर बाद. पहिले चार दिवस ती त्या रेषेवर पोचायची आणि उजव्या पायावर वळून यायची. पाचव्या दिवशी डाव्यावर वळली. पूर्ण संपर्काचा सराव अजून दिलेला नाही, तो मार्चनंतर, आणि तेव्हा पुन्हा मापं घेऊन.

गेल्या गुरुवारी दुपारी ती रिक्षा करून दवाखान्यात आली. सोबत संघातली नववीतली एक पोरगी होती, सकाळी सरावात पडलेली, गुडघ्याला ओल्या फडक्यात बर्फ बांधलेली. आमच्या मुलीने तिला धरून टेबलावर बसवलं, पाय उचलून खाली उशी सारली.

“तेल लावू दिलं नाही मॅडम,” ती म्हणाली. “आधी चांगला गुडघा तपासा, मग हा.”